नंदरंजनची एकुलती चाल

सोलापुरात चार-पाच वर्षं काढलेल्या कुणालाही नंदरंजनची चाल येते. आपल्याला ती येते हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नसतं, एवढंच. चिवड्याच्या जाहिरातीत त्याने ती ऐकलेली असते, वॉर्डाच्या निवडणुकीत ऐकलेली असते, नगरसेवकाच्या वाढदिवसाला, नवी पेठेतल्या साड्यांच्या सेलला आणि ओळखीतलं कुणी गेलं की मोबाइलवर येणाऱ्या श्रद्धांजलीच्या व्हिडिओतही ऐकलेली असते. चाल सगळीकडे तीच. श्रद्धांजलीला ती जरा हळू वाजते.

या सगळ्या ठिकाणी गाणारा बाईचा आवाज माझा आहे. मी मुलींच्या शाळेत गाणं शिकवत होते आणि रविवारी नंदरंजनच्या स्टुडिओत गात होते. त्यामुळे मी जे सांगते आहे ते ऐकीव नाही. आणि हा गौरव आहे असा कुणाचा समज होत असेल तर तो त्याने इथेच काढून टाकावा.

त्याचं खरं नाव नंदू लवटे. सांगोल्याच्या पलीकडचं कोरडं गाव, घरी मेंढरं. 'नंदरंजन' हे नाव त्याने मुंबईहून आणलं. मुंबईत तो काही महिने होता. तिथे एका स्टुडिओत वाद्यं उचलून ठेवायचं काम करायला गेला आणि परत आला तो संगीतकार होऊन. मधल्या काळात नेमकं काय घडलं हे मी त्याला पुष्कळदा विचारलं. दर वेळी निराळी हकिगत ऐकायला मिळाली. एकदा तर एका मोठ्या संगीतकाराने म्हणे त्याच्या हातचा चहा घेऊन "तुझ्या हातात सूर आहे" असं सांगितलं होतं. चहात काय होतं ते मात्र त्याने सांगितलं नाही.

सात रस्त्याजवळ एका गादी कारखान्याच्या वरच्या मजल्यावर त्याने स्टुडिओ थाटला. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले आणि त्यांना सोनेरी रंग दिला. खाली कापूस पिंजायचं यंत्र सुरू झालं की वरची जमीन थरथरायची आणि रेकॉर्डिंग थांबायचं. मग नंदू हातातल्या काठीने फरशीवर तीनदा आपटायचा. खालचे लोक चांगले, ते यंत्र बंद करायचे. दोन ओळी झाल्या की पुन्हा सुरू करायचे. दाराबाहेर पाटी होती: 'नंदरंजन म्युझिकल्स. फिल्म, सीरियल, जाहिरात, निवडणूक, श्रद्धांजली.' पाटीवर फिल्म पहिली होती. कामात ती कुठेच नव्हती. 

पण ती येणार होती. नंदूच्या तोंडी दुसरा विषयच नसायचा. "एक पिच्चर मिळू द्या बाई," तो म्हणायचा, "मग बघा." काय बघायचं ते सांगायची गरज त्याला वाटत नसे. बायकोला घराची फरशी बदलायची होती, ती पिच्चरनंतर. मुलीला पेटी शिकवायची होती, तीही पिच्चरनंतर. गावाकडे वडील थकले होते, त्यांना चार दिवस शहरात आणायचं होतं. तेही, अर्थातच, पडद्यावर लेकाचं नाव दाखवायलाच आणायचं होतं. आमची सुशीलावहिनी, म्हणजे त्याची बायको, हे सगळं ऐकून भाकरीचा डबा ठेवायची आणि जिना उतरून जायची.

नंदूच्या दोन भाषा होत्या. गिऱ्हाईक समोर असलं की, "आपण या कलाकृतीला एक वेगळा फील देऊया," असलं काहीतरी मुंबईचं बोलायचा आणि गिऱ्हाईक जिना उतरलं की लगेच गावचा व्हायचा. मी गात असताना काचेपलीकडून त्याचा एकच हुकूम यायचा. "बाई, इमोशन टाका. जरा जास्त टाका." भजीत मीठ टाकावं तसं तो ते सांगायचा. साड्यांच्या सेलमध्ये किती इमोशन टाकायचं हा प्रश्न मी एकदा केला. तो गंभीरपणे म्हणाला, "बायका साडी मनानं घेतात बाई." मी जरा जास्त टाकलं.

त्याची काम करायची पद्धत सांगितल्याशिवाय हा माणूस कळणार नाही. गिऱ्हाईक आलं की दुकान कसलं, पक्ष कुठला, मयत कोण, हे तो विचारतच नसे. आधी विचारायचा, "नाव काय?" आणि नाव ऐकून बोटं मोजायचा. कारण चालीत नावासाठी एक जागा ठेवलेली होती आणि त्या जागेत नाव बसलं पाहिजे, एवढीच त्याची अट होती. नावाच्या पाठोपाठ तीन टाळ्या. गंगाधरअण्णा अलगद बसायचे. पप्पूशेठ आखूड पडले तेव्हा मला 'पप्पू' इतकं ताणायला लावलं की माझा श्वास संपला. चंद्रशेखरअप्पा म्हणून एक सज्जन वाढदिवसाचं गाणं करून घ्यायला आले. नंदूने बराच वेळ बोटं मोजली आणि त्यांना विचारलं, "घरी तुमाला काय दुसरं म्हनत्यात का?"

"घरी मला बाळ्या म्हणतात," ते म्हणाले.

"मग बाळूअप्पा करू की."

त्या वर्षी सत्तरीच्या त्या माणसाच्या वाढदिवसाला अख्ख्या पेठेने टाळ्या वाजवून 'बाळूअप्पा' म्हटलं. नंदूला त्यात काही वावगं वाटलं नाही. माणूस चालीला शोभला पाहिजे, चाल माणसाला नव्हे, हा त्याचा न्याय होता.

वॉर्डाच्या निवडणुकीत त्याने तर कहर केला. एकाच वॉर्डातल्या दोन उमेदवारांना त्याने तीच चाल विकली. दोघांचीही नावं जागेत चोख बसत होती आणि हा मोह त्याला आवरला नाही. प्रचाराच्या ऐन भरात दोघांच्या रिक्षा एका चौकात समोरासमोर आल्या. दोन्हीवर भोंगे, दोन्हीवर तीच चाल, आणि दोन्हीकडून माझाच आवाज. एकीकडून मी एकाला निवडून द्या म्हणत होते, दुसरीकडून दुसऱ्याला. एक रिक्षा अर्धी ओळ मागे असल्यामुळे मी माझंच म्हणणं खोडून काढते आहे असं वाटत होतं. लोक दुकानांतून बाहेर येऊन पोट धरून हसत होते. मी भाजीची पिशवी घेऊन त्या गर्दीत उभी होते आणि माझा आवाज कुणी ओळखू नये म्हणून शेजारच्या बाईला वाटही विचारू शकत नव्हते.

संध्याकाळी दोन्ही उमेदवारांची माणसं एकामागून एक स्टुडिओत येऊन गेली. नंदूने पहिल्यांना सांगितलं की दुसऱ्यांनी चाल चोरली, आणि दुसऱ्यांना सांगितलं की पहिल्यांनी. दोघांनाही ते पटलं, कारण दोघांनाही एकमेकांबद्दल तेच ऐकायचं होतं. पुढे त्यांच्यातला एक निवडून आला. झालं, चाल शुभ आहे असा बोभाटा झाला आणि पुढच्या खेपेला उमेदवार जिन्यावर रांग लावून उभे राहिले. लाज वाटणं हे त्या माणसाच्या नशिबातच नव्हतं. जे करून दुसऱ्याने गाव सोडलं असतं, त्यातून याला नवी कामं मिळायची.

इथवर मी हसत होते. मोघेबाई गेल्या तेव्हा माझं हसू संपलं.

मोघेबाई आमच्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. मला नोकरीवर त्यांनीच घेतलं. शाळेच्या सभागृहात शोकसभा होती आणि त्यांच्या फोटोंचा व्हिडिओ कुणीतरी परस्पर नंदूकडून करून घेतला होता. मला कल्पना नव्हती. दिवे मालवले, पडद्यावर तरुणपणीच्या मोघेबाई आल्या आणि ती चाल सुरू झाली. वर आलाप माझाच. तो मी चिवड्यासाठी घेतला होता, याने तो उचलून, संथ करून तिथे लावला होता. नावाच्या जागी 'मोघेबाई' असं कुठल्याशा पुरुषाच्या घोगऱ्या आवाजात होतं. पाठोपाठच्या टाळ्या त्याने मेहरबानी करून काढल्या होत्या. पण टाळ्यांची जागा तशीच रिकामी ठेवली होती. 

मागच्या रांगांमध्ये पाचवी-सहावीच्या मुली बसल्या होत्या. त्यांचा काय दोष? रोज शाळेच्या फाटकावरून चिवड्याची रिक्षा जायची. नाव आलं, जागा आली, आणि त्या मुलींनी एका सुरात तीन टाळ्या वाजवल्या. मोघेबाईंची लेक पुढे खुर्चीवर बसली होती. तिने मागे वळून पाहिलं. ते पाहणं मी अजून विसरलेले नाही. पुढच्या कडव्याला शिक्षिका मुलींचे हात धरायला धावल्या, आणि तरी टाळ्या पडल्याच.

मी तशीच उठून सात रस्त्यावर गेले. नंदू डबा खात होता. त्याला मी जे बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. तू संगीतकार नाहीस, छापखाना आहेस, असं म्हणाले. माणसाच्या मरणालाही तुझ्याकडे चार नवे सूर नाहीत का, असं विचारलं. त्याने घास गिळला आणि शांतपणे म्हणाला, "बाई, समद्यांच्या वळखीची चाल हाय ती. म्हनून तर डोळ्यात पानी येतं."

"पाणी आलं नाही, नंदू. टाळ्या आल्या."

"म्हंजी पोरींनी मनावर घेतलं की."

मी दोन महिने त्याच्याकडे गेले नाही. नंतर गेले, कारण मला गायला आवडतं आणि सोलापुरात रविवारी मला गायला दुसरं कुणी बोलवत नव्हतं. हे त्यालाही ठाऊक होतं. त्याने नुसता हेडफोन पुढे केला.

आणि मग खरोखरच पिच्चर आला.

पुण्याचा एक तरुण दिग्दर्शक नातेपुत्याच्या बाजूला चित्रपट करत होता. त्याला संगीत 'इथल्या माणसाचं' हवं होतं, आणि कुणीतरी त्याला नंदूचं नाव दिलं. कुणी दिलं, आणि का, हे मला आजही कोडंच आहे. मुलगा सालस होता, हळू बोलायचा. त्याने लॅपटॉपवर शेवटचा प्रसंग दाखवला. एक म्हातारी गाव कायमचं सोडून लेकीकडे शहरात निघाली आहे. एसटीत खिडकीशी बसली आहे, बाहेर बघते आहे, बोलत काहीच नाही. बराच वेळ नुसता तिचा चेहरा.

"इथं फक्त एक चाल हवी," तो म्हणाला. "साधी. पण कुणीही आधी ऐकलेली नको. प्रेक्षकाला ती त्या क्षणी पहिल्यांदा भेटली पाहिजे. बाकी तुमच्यावर. ही जमली की सगळा चित्रपट तुम्हीच करा."

"आपण एक वेगळा फील देऊया," नंदू म्हणाला.

त्यानंतर महिनाभर त्याने दुसरं काम घेतलं नाही. वाढदिवस परत पाठवले, सेल परत पाठवले, एक पुढारी तर जिन्यातूनच माघारी गेला. गळ्याभोवती मफलर गुंडाळून तो दिवसभर कीबोर्डपुढे बसायचा. मला बोलावून नव्या चाली ऐकवायचा. बहुतेक चाली टाकाऊ होत्या आणि मी तसं सांगत होते. पण त्यातल्या दोन, मला हे कबूल करणं जड जातं, दोन बऱ्या होत्या. एक तर खरंच साधी होती आणि मी ती कधीच ऐकली नव्हती. "ही दे," मी सांगितलं. "डोळे मिटून ही दे." त्याने मान हलवली. मला वाटलं, हा होकार आहे.

दिग्दर्शक आला त्या दिवशी खालच्या लोकांनी आपण होऊन यंत्र बंद ठेवलं. वहिनीने घरून पोहे करून आणले होते आणि ती दाराशी उभी होती, जिना न उतरता. इतक्या वर्षांत मी तिला तिथे थांबलेली पहिल्यांदाच पाहत होते. नंदूने लॅपटॉपवर प्रसंग लावला, कीबोर्डवरची चादर काढली आणि वाजवायला सुरुवात केली.

दुसऱ्याच सुराला मी ओळखलं. तीच होती. अगदी संथ केलेली, खाली व्हायोलिनचे सूर, वर बासरी, पण तीच. चिवडा, गंगाधरअण्णा, बाळूअप्पा, मोघेबाई. मी वहिनीकडे बघितलं. तिने डोळे खाली घातले होते.

आणि त्या मुलाला ती आवडली. पुण्याचा होता, त्याच्या कानावरून ती कधी गेली नव्हती. तो डोळे मिटून बसला. संपल्यावर म्हणाला, "हेच. मला हेच हवं होतं. कुठून आणलंत हे?"

"आतनं," नंदू म्हणाला.

मग सगळे खाली चहाला गेलो. गाड्यावरच्या मावशी चहा उकळत होत्या. दिग्दर्शक आनंदात होता, संगीताचं सगळं काम तुमचंच, पुढच्या आठवड्यात कागद करू, असं म्हणत होता. नंदू मान झुकवून ऐकत होता. तेवढ्यात सिग्नलवरून चिवड्याची रिक्षा आली. चाल आली, नाव आलं, आणि मावशींनी सवयीने पळीने पातेल्यावर तीन ठोके मारले.

त्या मुलाचा कप हातातच राहिला. "मावशी, हे काय आहे?"

"चिवड्याचं हाय की, साहेब. लई चालतंय. इलेक्शनला बी हेच हुतं. आमचे मामा गेले तवा बी हेच लावलं हुतं."

अजूनही वेळ गेलेली नव्हती. चोरली म्हणायचं होतं, उमेदवारांना सांगितलं तसं. निदान गप्प तरी राहायचं होतं. मी त्याचा सदराही ओढला. पण नंदूची छाती फुगली होती.

"माझीच हाय," तो म्हणाला. "समद्या गावात माझीच हाय."

मुलाने कप खाली ठेवला. चिडला वगैरे नाही. "कळवतो," म्हणाला आणि मावशींचे पैसे देऊन गाडीकडे गेला. त्याने पुन्हा फोन केला नाही आणि नंदूचे फोन घेतलेही नाहीत.

वर आल्यावर मी नंदूला सोडला नाही. एवढी वर्षं ज्याच्यासाठी सगळ्यांना ताटकळत ठेवलंस ते दारात आलं होतं. तुझ्याकडे दोन नवीन चाली होत्या, बऱ्या होत्या. मग हीच का दिलीस? आळस म्हणून? खोड म्हणून? वहिनी पोह्यांचं पातेलं झाकत होती. तीही थांबली. मला वाटतं, उत्तर तिलाच जास्त हवं होतं.

"त्या बऱ्या हुत्या," नंदू म्हणाला. "ही चांगली हाय."

"पण सगळ्या गावाला दिलेली होतीस ना?"

"चांगली हाय म्हनून तर दिली की, बाई. वाईट कुनाला देऊ?"

मला वाटलं होतं, हा माणूस लबाड आहे. लबाड असता तर बरं झालं असतं, लबाडाने त्या दिवशी नवी चाल देऊन चित्रपट पटकावला असता. हा त्याहून कठीण निघाला. आयुष्यात एकदा कधीतरी याला एक बरी चाल सुचली आणि हा तिच्या पायाशी बसला, तो कायमचा. चिवड्यालाही सर्वोत्तम, मोघेबाईंनाही सर्वोत्तम. याला दुष्टपणा म्हणता येत नाही आणि मोठेपणाही म्हणवत नाही. मला त्याचा राग आला होता आणि लिहिताना तो पुन्हा येतो आहे. वहिनीने पातेलं उचललं आणि ती खाली गेली. फरशी काही बदलली नाही.

नंदू पुन्हा वाढदिवसांकडे वळला. मी त्याच्याकडे जाणं हळूहळू बंद केलं. वर्ष-सव्वा वर्षाने वहिनीचा फोन आला. "बाई, तो पिच्चर लागलाय. ह्यांना बघायचाय. एकटं सोडवत न्हाय मला, आनि मला त्यातलं काय कळत न्हाय. तुमी चला की." मी गेले. दुपारचा खेळ होता, थिएटर अर्धंअधिक रिकामं. आम्ही तिघं एका रांगेत बसलो. संगीतकाराचं नाव पडद्यावर आलं तेव्हा नंदूने ते पुटपुटत वाचलं आणि "आसंल चांगला," एवढंच म्हणाला.

शेवटचा प्रसंग आला. एसटी, खिडकी, म्हातारी. आणि दिग्दर्शकाने तिथे काहीच ठेवलं नव्हतं. कसलंही संगीत नाही. फक्त गाडीचं इंजिन आणि सैल काचेचा आवाज. त्या शांततेत माझ्या शेजारी गुणगुणणं सुरू झालं. नंदू पडद्याकडे बघत होता आणि आपली चाल म्हणत होता. आधी हळू, मग चांगलं ऐकू येईल असं. वहिनीने त्याच्या दंडावर हात ठेवला. तो थांबला नाही. पुढच्या रांगेतला माणूस वळून म्हणाला, "ओ काका, बघू द्या की." तरी तो थांबला नाही. म्हातारीचा चेहरा पडद्यावर असेपर्यंत त्याने ती चाल शेवटपर्यंत म्हटली.

ती चाल तिथे बसली, थिएटरात लोक गप्प झाले, असं मला लिहायला आवडलं असतं. पण ती बसत नव्हती. म्हातारी आतून कुठेतरी तुटत होती आणि ही चाल तिला, सेलला बोलवावं तशी, 'या हो या' म्हणत होती.

दिवे लागले. नंदू माझ्याकडे वळला. त्याचे डोळे ओले होते. 

"बसली न्हवं, बाई?"

"नाही बसली, नंदू."

त्याने थोडा विचार केला. मग वाकून खुर्चीखाली सरकलेली चप्पल शोधत म्हणाला, "पुढच्या पिच्चरला बसंल."